सहीविना

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. एक दिवस भांडण नाही, तंटा नाही, तो बॅग भरून आईकडे गेला आणि तिथेच राहिला. दोन वर्षं वाट पाहून तिने विचारलं, "संमतीने घटस्फोट घेऊ या का?" तो लगेच हो म्हणाला. त्या 'हो'नेच तिचा घात केला.

ती कागद घेऊन गेली की कधी त्याचं डोकं दुखायचं, कधी शिकाऊ मंडळी खोळंबलेली असायची. एकदा "नीट वाचतो" म्हणून त्याने कागद ठेवून घेतले आणि हरवले.

"अगं, मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग कर ना सही!"

"अशी डोक्यावर बसलीस की मला काही सुचत नाही बघ."

दातओठ खात ती परत यायची. शेवटी एका मैत्रिणीने तिला वकीलबाईंकडे नेलं.

वकीलबाई म्हणाल्या, "संमतीचा अर्ज दोघांचा असतो. तो सही करत नसेल तर तो रस्ता बंद. पण तुम्ही एकटीने दावा लावू शकता. तो तुम्हाला सोडून गेला, एवढं सिद्ध करायचं."

"आणि त्याची सही?"

"दाव्याला त्याची सही लागतच नाही. फक्त समन्स त्याच्यापर्यंत पोचलं, हे कोर्टाला दिसलं पाहिजे."

तिला स्वतःचाच इतका राग आला की रडूही येईना. इतके दिवस ती फक्त त्यालाच विचारत बसली होती.

दावा लागला. समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ गेला, तर सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "बाहेरगावी गेलाय." खाली त्याची शिकवणीची गाडी उभी होती. पुढच्या वेळी तेच. तारखेला ती रजा टाकून कोर्टाच्या बाकावर बसायची, पुकारा व्हायचा, समन्स बजावलं गेलं नाही म्हणून पुढची तारीख मिळायची.

दुकानाचे मालक एकदा म्हणाले, "लग्नालासुद्धा इतक्या रजा घेतल्या नव्हत्यास."

तिला हसू आलं नाही. पुढच्या खेपेला ती स्वतः बेलिफाबरोबर जिना चढली. सासूबाईंनी दार उघडलं. हातात ओले शर्ट होते, सगळे त्याचे. त्या सुनेकडे बघत राहिल्या.

बेलिफाने विचारलं, "चिरंजीव आहेत का घरात?"

"नाही, तो..." सासूबाई थांबल्या. मग एकदम चिडून म्हणाल्या, "आहे! आत लोळतोय. किती खोटं बोलायचं मी या वयात?"

तो बनियनवर बाहेर आला. बेलिफाने कागद पुढे केला, तसे त्याने हात मागे घेतले. "मी घेणार नाही. हिच्याशी बोलतो मी, आमचं आम्ही बघू."

"नकार दिला असं लिहितो," बेलिफ थंडपणे म्हणाला. "साक्षीदार लागेल."

"मी आहे ना," सासूबाई म्हणाल्या. हात पदराला पुसून त्यांनी सही केली.

"आई!"

"गप बस. तुझी सही मागून मागून ही पोर थकली. मी तरी करते."

त्या नकारामुळे समन्स पोचलं असंच धरलं गेलं. तरी तो कोर्टात फिरकला नाही. दावा एकतर्फी चालला. तिने शपथेवर सगळं सांगितलं, शेजारीणही साक्षीला आली. न्यायाधीशांनी घटस्फोट मंजूर केला. निकाल सांगायला त्यांना एक कप चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

बाहेर येऊन वकीलबाई म्हणाल्या, "आता त्याच्या अपिलाची मुदत संपू द्या. त्याआधी दुसरं लग्न करू नका."

"लग्न?" ती कडाडली, तशी व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "लग्न कुणाला करायचंय? पण मला अजूनही थांबायलाच सांगताय तुम्ही?"

संध्याकाळी दुकानात जाऊन तिने सासूबाईंना फोन केला. निकाल ऐकून त्या म्हणाल्या, "सुटलीस बाई. तो आत जेवण मागतोय, मी ठेवते."

तिने फोन खाली ठेवला आणि राहिलेल्या काचा घासायला घेतल्या. पहिलीच काच तिने रागाने इतकी दाबली की ती हातातच तडकली.