काटा लाल पट्टीत

आजारातून उठल्यापासून मिस्त्रीला आभार मानायचं वेडच लागलं होतं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणतानासुद्धा कपाळाला आठ्या घातल्या, तो आता नर्सचे आभार मानायचा, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचे मानायचा, औषधवाल्याचे मानायचा. एकदा दवाखान्यातून बाहेर पडताना त्याने लिफ्टलाच ‘बरं झालं गं बाई तू होतीस’ म्हटलं, तेव्हा बायकोने कपाळावर हात मारून घेतला. मेंदूत रक्ताची गाठ अडकून ज्याची अर्धी बाजू गेली होती, तो माणूस चार महिन्यांत पुन्हा बोलू लागला, चालू लागला. उजवा हात तेवढा अजून बधिर आणि जड होता. एवढं परत मिळाल्यावर माणूस थोडा वेडावणारच.

पण ज्याचे आभार सगळ्यांत आधी मानायचे, त्याच्यासमोर मात्र मिस्त्रीची जीभ टाळ्याला चिकटायची. तो माणूस म्हणजे शेजारचा चष्मेवाला.

गॅरेज आणि चष्म्याचं दुकान यांच्यात एकच भिंत होती आणि त्या भिंतीवरून दोघांची वीस वर्षं जुंपलेली होती. इकडे हातोडा पडला की तिकडे डोळे तपासायला बसलेलं गिऱ्हाईक खुर्चीत दचकायचं. चष्मेवाला भिंतीवर बुक्क्या मारायचा, मिस्त्री मुद्दाम आणखी दोन ठोके घालायचा. आणि त्याच चष्मेवाल्याने, मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात कोसळलेला सापडला तेव्हा, दुकान उघडं टाकून त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. मिस्त्रीला त्यातलं फारसं काही आठवत नव्हतं. गाडीचं छत आठवत होतं, आणि बायकोची मांडी. बाकी सगळं त्याने ऐकलेलं.

बरा होऊन तो गॅरेजात आला, तर चष्मेवाल्याची गाडी दुकानामागे धूळ खात उभी.

“हिला काय झालं?” त्याने विचारलं.

“इंजिन गेलं,” चष्मेवाला म्हणाला. “एकदा पाणी संपलं, लक्षातच आलं नाही माझ्या. असू दे हो. रिक्षाने जातो मी.”

रिक्षाने म्हणजे कसं, ते मिस्त्रीने दोन दिवस पाहिलं. लांबलांबच्या शाळांत आणि कारखान्यांत डोळे तपासायला जाणारा हा माणूस, तपासणीची पेटी, भिंगांचा डबा आणि अक्षरांचा फलक घेऊन रस्त्यात तिष्ठत उभा असायचा. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी ढकलत आत घ्यायला लावली. तोंडाने जे म्हणता येत नाही ते इंजिनाने म्हणायचं, असं त्याने ठरवून टाकलं. हे इंजिन असं बांधायचं की पुढची कित्येक वर्षं या माणसाला बॉनेट उघडायची पाळी येऊ नये. यात हयगय झाली तर आपण फेडलं काय, कपाळ?

उजव्या हाताच्या जागी बायको उभी राहिली. ती बारीकसारीक गोष्टी धरायची, पुसायची, दिवा दाखवायची, आणि मिस्त्री ओरडला की त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडायची. त्यामुळे काम झपाट्याने होत होतं.

गाडी डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे दिसायला गोगलगाय आणि आत भिंगरी. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर ती भिंगरी गरगर फिरते आणि इंजिनात हवा कोंबते, म्हणून गाडीला ताकद. मिस्त्रीने इंजिन खोललं आणि त्याचं डोकंच फिरलं. पाण्याची नळी फाटलेली, वरचं झाकण म्हणजे हेड वाकलेलं, पिस्टनवर ओरखडेच ओरखडे.

“पाणी संपलं म्हणे! तापमानाचा काटा लाल पट्टीत गेलाय, समोर वाफ निघतेय, आणि हा बाबा गाडी हाकतोय. मैलच्या मैल हाकतोय! दुसऱ्यांचे डोळे तपासतो आणि स्वतःला काटा दिसत नाही.”

बायको दिवा धरून उभी होती. ती म्हणाली, “तुम्ही खाली बघून काम करा.”

महिनाभर खपून इंजिन उभं राहिलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, हेड घासून सरळ केलेलं. टर्बोची भिंगरी घट्ट होती, म्हणून जुनाच टर्बो साफसूफ करून बसवला. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली, आणि तिचा आवाज ऐकून मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवाल्याने गाडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि पेटी मागे टाकून तो निघून गेला. त्या दिवशी मिस्त्री दोन घास जास्त जेवला.

आठवडा होतो न होतो तोच गाडी परत दारात.

“तसं काही नाही,” चष्मेवाला चाचरत म्हणाला, “जराशी शीळ घालते. चढाला ओढत नाही. आणि मागून निळा धूर येतोय. पण मला चालेल हो, मिस्त्री. तुम्ही त्रास करून घेऊ नका.”

ते ‘चालेल हो’ मिस्त्रीच्या वर्मी लागलं. नुसत्या धुराने त्याला एवढं लागलं नसतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. बांधून आठवडा झाला नाही आणि इंजिन तेल पितंय. उजवा हात बधिर असलेल्या माणसाने इंजिन बांधलं की हेच होणार, असं लोक म्हणतील. लोक गेले खड्ड्यात, पण या माणसाने आपला जीव वाचवला आणि आपण त्याला धूर ओकणारी गाडी दिली! मिस्त्रीच्या तोंडाची चवच गेली.

“घाबरताय काय असे?” बायको म्हणाली. “शोधा की.”

मग शोधाशोध सुरू झाली. आधी सगळ्यांत मोठी भीती. रिंगा नीट बसल्या नसतील तर सगळं इंजिन पुन्हा खोलायचं. त्याने चारही सिलेंडरचा दाब मोजायला घेतला. दाबाच्या घड्याळावरचे आकडे बायको वाचत होती आणि मिस्त्री डोळे मिटून ऐकत होता. चारही आकडे जवळजवळ सारखे आले तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. म्हणजे इंजिनाचं पोट ठीक होतं.

पुढे शीळ. टर्बोपासून निघणाऱ्या रबरी नळीत हवा भरून त्याने साबणाचं पाणी शिंपडलं. एका जोडापाशी बुडबुडे फसफसून वर आले. नळी आवळून धरणारा क्लॅम्प सैल राहिला होता आणि कोंबलेली हवा तिथून पळत होती. क्लॅम्प आवळल्यावर शीळ बंद झाली, गाडी चढ ओढू लागली. “झालं!” बायको म्हणाली.

झालं कुठलं! धूर तसाच होता.

मिस्त्रीने टर्बोची नळी काढून आत बोट घातलं. बोट तेलाने माखून बाहेर आलं, म्हणजे तेल इथूनच गळून इंजिनात जळत होतं. भिंगरीचा दांडा त्याने डाव्या हाताने धरून हलवला, तर तो हलत्या दातासारखा डुगडुगला. बसवला तेव्हा घट्ट असलेला दांडा एवढ्यात सैल कसा झाला? तो पायरीवर बसून विचार करू लागला.

“उपाशी राहिली असेल,” बायको म्हणाली. ती हे नुसतं चेष्टेने म्हणाली होती.

मिस्त्री ताडकन उठला. भिंगरीला तेल मिळालं नाही तर ती अशीच झिजणार. आणि तेल जातं एकाच वाटेने, बोटाहून बारीक अशा एका लोखंडी पाईपातून. तो पाईप त्याने जुनाच ठेवला होता. आतून तार फिरवून साफ केला होता, वाट मोकळी आहे असं त्याला वाटलं होतं. तार फिरवली होती उजव्या हाताने. या एका कामाला तरी तो हात पुरेल, असा त्याला हट्ट होता.

या वेळी त्याने पाईप काढून तार बायकोच्या हातात दिली.

“इथे वळणापाशी अडतंय,” ती लगेच म्हणाली.

करवतीने पाईप उभा चिरला. आत जळून कोळसा झालेलं तेल, काळं आणि दगडासारखं, वळणापाशी वाट अडवून बसलेलं. त्यातून तेल जायचं ते थेंब थेंब.

मिस्त्रीने आधी स्वतःला दोन शिव्या हासडल्या, कारण पाईप नवा घालायला हवा होता. आणि मग स्वतःच्या वाटणीचा राग संपल्यावर उरलेला सगळा घेऊन तो चष्म्याच्या दुकानात शिरला. तापून लाल झालेली गाडी एकदम बंद केली की टर्बोतलं तेल जागच्या जागी जळतं. वीस वर्षं त्याने भिंतीपलीकडून हेच घसा फोडून सांगितलं होतं.

“हे बघ! बघ हे!” चिरलेला पाईप त्याने काउंटरवर आपटला. “गाडी उभी केली की मिनिटभर चालू ठेव, तेल फिरू दे, मग बंद कर, असं किती वेळा सांगितलं तुला? भट्टीसारखी तापलेली गाडी आणून खटकन चावी फिरवलीस ना?”

चष्मेवाला स्वतःचा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. “चुकलं, मिस्त्री.”

“चुकलं काय चुकलं? काटा लाल पट्टीत असताना गाडी हाकलीस. एवढी कसली आग लागली होती तुझ्या घराला? बाजूला उभी करता येत नव्हती?”

“अहो, पुरे!”

बायको दारात उभी होती. तिच्या हातात अजून तार होती.

“वहिनी,” चष्मेवाला घाईने म्हणाला, “तुम्ही मला शब्द दिला होता.”

“दिला होता. आता नाही पाळवत.” ती नवऱ्याकडे वळली. “तुम्हाला नेत होतो तेव्हाच झालं ते. वाटेत पाण्याची नळी फुटली. समोर नुसती वाफ. काटा मलासुद्धा दिसत होता, मागच्या सीटवरून. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, थांबवायची का गाडी? तर हे म्हणाले, गाडीचं बघू मग, वहिनी. दवाखान्याच्या दारात चावी काढली आणि तुम्हाला खांद्यावर टाकून पळाले. मिनिटभर चालू ठेवायची होती ना? ठेवायला हवी होती, चुकलं त्यांचं!”

मिस्त्रीने आधार घ्यायला खुर्ची शोधली आणि डोळे तपासायच्या खुर्चीत बसला. समोरच्या फलकावरची अक्षरं त्याला दिसेनात.

“तुम्हाला सांगितलं असतं,” चष्मेवाला ओशाळून म्हणाला, “तर तुम्ही इंजिनासमोर रडत बसला असतात. काम काय झालं असतं मग?”

मिस्त्री उठला आणि पाईपाचे दोन्ही तुकडे हातात घेऊन गॅरेजात गेला.

टर्बोला नवी भिंगरी आली, पाईप नवा आला. नवा पाईप लावायच्या आधी मिस्त्रीने त्यातून तेल वाहवून पाहिलं, बायकोला पाहायला लावलं, पुन्हा स्वतः पाहिलं. यात दोन दिवस गेले. 

मग तिघे गाडी फिरवून बघायला निघाले. चष्मेवाला चालवत होता, मिस्त्री शेजारी, बायको मागे. मागे धुराची रेघसुद्धा नव्हती.

“दवाखान्याच्या रस्त्याने घे,” मिस्त्री म्हणाला. “आणि दामटू नकोस. नवं बांधलेलं इंजिन आहे, आणखी काही दिवस हळूच चालवायचं.”

गाडी रमतगमत निघाली. सायकलवाले पुढे जात होते. मोठ्या चौकात सिग्नल लागला, सुटला, पुन्हा लागला.

“डॉक्टर तेव्हा नक्की काय म्हणाले होते?” मिस्त्रीने मागे न बघता बायकोला विचारलं.

“तुम्ही खड्ड्यात काम करताय असं समजून मी किती वेळ आत डोकावलेच नव्हते,” ती म्हणाली. “म्हणून ती गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ संपत आली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर देता आलं नसतं. हात-पाय गेले होते ते गेलेच असते, आणि वाचाही.”

मिस्त्रीने खिडकीबाहेर पाहिलं. पेट्रोलपंप मागे पडला होता. रंगाचं दुकान आता येत होतं. पुढे पूल, पुलापलीकडे रेल्वेचं फाटक, आणि दवाखाना त्याच्याही पुढे. नुसता रस्ता बघून वेळ सांगणारा माणूस तो. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. या चालीने निघाले असते, तर त्याची दहा मिनिटं दवाखाना दिसायच्याही आत संपली असती. पुलावरच कुठेतरी.

“थांबव,” तो पुलावर आल्यावर म्हणाला. “कडेला घे.”

“काय झालं? आवाज आला का?” चष्मेवाला घाबरला.

मिस्त्री दार उघडून खाली उतरला. बॉनेटला हात लावत, एकेक पाऊल टाकत गाडीला वळसा घालून तो चष्मेवाल्याच्या खिडकीशी आला. त्याने आपला बधिर उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि आत, चष्मेवाल्याच्या खांद्यावर ठेवला.

“इथपर्यंतच आलो असतो मी,” तो म्हणाला. “याच्या पुढचं सगळं तू दिलंयस. परवा ज्या जिभेने तुला वाट्टेल ते बोललो ना, तीसुद्धा तुझीच. माझे लाख उपकार... नाही, तुझे. तुझे उपकार आहेत रे माझ्यावर. मला नीट बोलता येत नाही.”

“येतंय की,” चष्मेवाला म्हणाला आणि चष्मा काढून पुसू लागला. मागच्या सीटवर बायको पदराने डोळे पुसत होती. मागून एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मिस्त्रीने सवयीने त्याच्याकडे वळून एक शिवी दिली, आणि ती तोंडातून स्पष्ट, अख्खी बाहेर पडलेली ऐकून त्याला हसू फुटलं.

तो येऊन जागेवर बसला. दार ओढून घ्यायला बायकोने मागून हात दिला.

“चल,” मिस्त्री म्हणाला. “हळूच घे. आज उशीर झाला तरी चालेल.”