रुखमाबाईने रंगवलेलं हेल्मेट

मी हेल्मेट बोलतंय, गडचिरोलीच्या कोर्टातल्या कपाटातून. पट्ट्याला नंबराची चिठ्ठी बांधली आहे. शेजारी एक फुटका आरसा आहे, पण तो काही बोलत नाही. म्हणून तुम्हीच ऐका.

चामोर्शीच्या बाजारात धनराजने मला घेतलं. रंग काळा, तोरा भरपूर. वाटलं, आता माणसाच्या डोक्यावर बसून जग बघायचं. कसलं काय! मी हँडललाच लटकायचं आणि धनराजने माझ्यातून वांगी, लसूण, कधी अंडी आणायची. एकही अंडं फुटलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

एका सकाळी कुणीतरी म्हणालं, पुढच्या नाक्यावर पोलीस उभे आहेत. धनराजने मला चटकन डोक्यावर चढवलं. थोडं पुढे गेलो, तोच बांबूने भरलेला हिरवा ट्रक चुकीच्या बाजूने आला आणि आम्हाला घासून गेला. मला तडा गेला. धनराजचा पाय मोडला, डाव्या कानाने ऐकू येईना. पण डोकं शाबूत राहिलं. त्या पोलिसांचं भलं होवो.

पंचनाम्यात माझा उल्लेख करायचाच राहून गेला. भरपाईचा दावा लागला तेव्हा ट्रकच्या विमा कंपनीचे वकील म्हणाले, याच्याकडे हेल्मेटच नव्हतं. कान गेला त्यात याचाही दोष, भरपाई अर्धी करा. धनराजच्या वकील दीपालीताईंनी निरोप धाडला, तारखेला हेल्मेट घेऊन या.

झालं! धनराजची आई रुखमाबाई कामाला लागली. साहेबापुढे घाणेरडी वस्तू कशी न्यायची? तिने मला राखेने खसाखसा घासलं. मग पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग माझ्यावर दोनदा चढवला. माझी स्वारी नटूनथटून कोर्टात पोचली.

विमावाले वकील मला फिरवून फिरवून हसले. हे तर कालच घेतलेलं, नवं कोरं आहे, म्हणाले. दीपालीताईंनी कपाळाला हात लावला. वकील धनराजच्या डाव्या बाजूला होते, त्यामुळे त्याला काही ऐकू आलं नाही. पण ताईंचा चेहरा पाहून काय ते त्याने ओळखलं. मला तर रडू येत होतं.

रुखमाबाईला विचारलं, तेव्हा ती जराही डगमगली नाही.

"मीच रंगवलं जी साहेब. घासू घासू हात दुखले, पण तो टरकाचा हिरवा डाग काई निघेना. डाग घेऊन कोर्टात येऊ का मंग?"

साहेबांनी दोन्ही वकिलांच्या देखत पट्टेवाल्याला रंग खरवडायला लावलं. लाल पापुद्र्याखाली ट्रकचा हिरवा रंग निघाला, आणि त्यातून गेलेला माझा तडा. विमावाले वकील चष्मा पुसत बसले. सगळा दोष ट्रकवाल्याचा ठरला, भरपाई पुरी मिळाली. निकाल ऐकून रुखमाबाईने विचारलं, आता तरी हे घरी नेऊन धुऊ का? साहेब घाईघाईने नाही म्हणाले.

धनराजच्या डोक्यावर आता नवं हेल्मेट असतं. मी इथे अर्धं लाल, अर्धं काळं-हिरवं, पण समाधानी. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं: गाडीवर असाल तेव्हा आम्हाला डोक्यावर ठेवा. पडू नका. आणि पडलातच, तर निकाल लागेपर्यंत आम्हाला आईच्या हाती लागू देऊ नका.