पडद्यावरचा पाळणा

भूषणचं दुकान दुर्गजवळच्या सुपेल्यात, एका वेल्डिंगवाल्याच्या आणि एका गादीवाल्याच्या मधोमध. पाटी फर्निचरची, पण आत शिरलं की आधी दिसायचा भलामोठा कॉम्प्युटर आणि त्याच्यामागे लाकूड कापणारं मशीन. दुर्ग-रायपूरच्या जुन्या मराठी घरांतले लोक त्याच्याकडे यायचे. कुणाला आजोळी होती तशी बंगई, म्हणजे घरातला झोपाळा, हवी असायची, कुणाला देव्हारा. भूषण जुन्या वस्तूची मापं घ्यायचा, पडद्यावर तिचं मॉडेल उभं करायचा, सांधे जुळवून बघायचा आणि मगच सागवानाला हात लावायचा. पडद्यावर कितीही चुका केल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही, असं तो गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत सांगायचा, आणि बिचाऱ्याला ते खरंही वाटायचं.

त्याच्या बायकोला, गीतांजलीला, आठवा महिना लागला होता. गेल्या वर्षीची मुलगी पोटातच गेली होती. त्या दिवशी गीतांजली शुद्धीवर नव्हती आणि भूषणच्या आईने, रत्नमालाबाईंनी, ते गाठोडं तिला दाखवूच दिलं नाही. भूषणने एकट्याने ते शिवनाथ नदीच्या काठावर नेलं. बारसं नाही, नाव नाही. मरोद्याच्या त्यांच्या घरात तो विषय निघायला लागला की कुणीतरी उठून चहा ठेवायचं.

या वेळी पाळणा आपणच करायचा, असं भूषणच्या मनाने घेतलं. बाळ यायच्या आधी पाळणा करत नाहीत हे त्यालाही माहीत होतं. म्हणून त्याने लाकडाला हात न लावता नुसतं मॉडेल केलं. चार कातीव दांडे, बाजूंना गजांची जाळी, वर टांगलेल्या लाकडी चिमण्या. कड्यांना वजन झेपेल का, हे बघायला त्याने पडद्यावरच पाळण्याला झोका दिला आणि हौसेने त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

लगेच आईचा फोन. "कावून रे भूषण, रिकामा पाळणा हलवून राहिला तू?"

"अरे यार आई, चित्र आहे ते. लाकूड कुठं आहे त्याच्यात?"

"हलते ना? मंग पाळणाच आहे तो. रिकामा हलवला का कोणीबी येऊन झोपते त्याच्यात. घरात पोटुशी बाई आहे, काही समजते का तुले? आधी वरवंटा ठेव त्याच्यात!"

बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, टोपडं बांधून, लेकरासारखा. आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. भूषण दुपारी जेवायला घरी आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या वरवंट्याचे चहूबाजूंनी फोटो काढून घेऊन गेला, कॉम्प्युटरकडून त्याचा हुबेहूब आकार बनवून घेतला, दगडाचं वजन भरलं आणि तो पडद्यावरच्या पाळण्यात ठेवला. नवा व्हिडिओ बघून आई शांत झाली.

शांत झाला नाही तो पाळणा. रिकामा होता तेव्हा काही झोक्यांनी आपोआप थांबायचा. वरवंटा ठेवल्यावर थांबेचना. भूषण चहा पिऊन आला, एका गिऱ्हाइकाशी बोलून आला, तरी झोका तेवढाच. आकडे तपासले, ते बरोबर होते. मग त्याने पाळण्याचा आतला भाग मोठा करून बघितला.

वरवंटा कुशीवर वळला होता. गुळगुळीत गोल दगडाची कूस कशी ओळखायची, असं कुणीही विचारेल. पण त्याचं एक टोक आता निमुळतं झालं होतं, आणि त्या टोकाशी फडक्याचा एक कोपरा सुटून लोंबत होता. शिवनाथपर्यंतच्या वाटेवर गाठोड्याचा तोच कोपरा सारखा सुटत होता, आणि तो पुन्हा पुन्हा खोचत होता. हे त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याने घाबरून झोका बंद केला.

संध्याकाळी गीतांजली म्हणाली, "दुपारपासून हा हललाच नाही जी."

ते तसेच दवाखान्यात धावले. ठोके होते, पण मंद. डॉक्टरांनी सकाळी परत यायला सांगितलं. झोका बंद केला तेव्हापासूनच बाळ गप्प आहे, या विचाराने भूषणचा डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच तो आधी दुकानात गेला आणि त्याने झोका सुरू केला. फोन वाजला. "हलला!" गीतांजली हसत होती. "आत्ताच, कसा जोरात हलला!"

योगायोग असेल, असं त्याने स्वतःला बजावून पाहिलं. पण पुढच्याच आठवड्यात सुपेल्यातली लाइट गेली, बॅटरीही संपली आणि पडदा काळा पडला. तेवढा वेळ बाळ पोटात गप्प राहिलं, आणि लाइट आल्यावर प्रोग्रामने आपोआप राखलेलं काम उघडून झोका सुरू केला तेव्हाच हललं. त्यानंतर भूषणने झोका कधी थांबवला नाही. जास्तीच्या बॅटऱ्या आणल्या. लोकांची कामं तशीच पडून राहिली. सांगणार तरी कुणाला? आई घर डोक्यावर घेईल आणि गीतांजली धसका घेईल, म्हणून तो एकटाच त्या पाळण्यापाशी बसून राहायचा.

एका दुपारी गीतांजलीच डबा घेऊन ऑटोने दुकानात आली. पडदा झाकायला त्याला वेळच मिळाला नाही. ती खुर्चीवर टेकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे काय आहे?"

"वरवंटा. आईनंच ठेवायले सांगितला."

"मी रोज वाटते त्याच्यानं. हा वरवंटा नोहे." मग पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं ना तिले? कशी होती?"

वर्षभर तिने हे विचारलं नव्हतं, आणि आता तिथे चहा ठेवायला कुणी नव्हतं. भूषणने सगळं सांगितलं. काळेभोर केस कपाळाला चिकटलेले. एक मूठ गालाशी. नाक त्याचं, हनुवटी तिची. शेवटी सुटणाऱ्या कोपऱ्याचंही सांगितलं. सांगताना त्याला रडू आवरेना. गीतांजली रडली नाही. ती पुढे वाकली, आत्याने बाळाच्या कानाशी न्यावं तसं तोंड पडद्याशी नेलं आणि हळूच म्हणाली, "कुर्र... जुई." वर्षभर तिने ते नाव मनात ठेवलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

झोका मंदावला. आणखी मंदावला. पाळणा थांबला.

गीतांजलीचा हात पोटावर गेला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हा बी थांबला जी."

भूषणने माउसवर झेप घातली. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"सुरू नका करू."

"अगं, पण बाळ..."

"सुरू केलं तर ती परत येईन. मंग मी तिले जाऊ देणार नाही. याच्यासाठी बी नाही."

तिच्याकडे बघून त्याला कळलं की ती अक्षरशः खरं बोलते आहे. त्याला तिची भीती वाटली आणि तितकीच माया आली. त्याने हात सैल सोडला. दोघं तसेच बसून राहिले. शेजारचा वेल्डिंगवाला गिऱ्हाइकाशी भावावरून घासाघीस करत होता, ती संपली, तरी पोटात काही हललं नाही. भूषणला नाव घ्यायला एकही देव आठवेना.

मग लाथ बसली, चांगली जोरात, साडी हलेल अशी. पाठोपाठ दुसरी.

गीतांजलीने तोंडावर पदर धरला आणि ती मोठ्याने रडली, वर्षभराचं सगळं. भूषणने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने प्रोग्राम बंद करायला घेतला. वरवंटा ठेवल्यानंतरचं काहीच त्याने जतन केलं नव्हतं. प्रोग्रामने नेहमीप्रमाणे विचारलं, केलेले बदल ठेवायचे का?

त्याचं बोट तिथेच थबकलं. गीतांजलीने डोळे पुसले, त्याच्या हातातून माउस घेतला आणि 'नाही' दाबलं.