सुई शांत नव्हती

सुईने मरण्याआधी एकच गोष्ट मागितली. उभी हयात दवाखान्यात लोकांना टोचण्यात गेली म्हणून चर्चच्या मंडळीतली पोरं तिला सुई म्हणायची, आणि तिची जीभही तशीच होती.

"तो पाळक माझ्यावर 'शांत होती, सोशिक होती' असलं काहीतरी चिकटवेल," आपल्या मैत्रिणीचा, बाईंचा, हात घट्ट धरून ती म्हणाली. "तेवढं होऊ देऊ नकोस. तू बोल. दुसरं कोणी ओळखतं का मला?"

बाईंनी शब्द दिला. त्यांना त्यात काही अवघडही वाटलं नाही. त्या म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेच्या बाई. तोंडातून ब्र न काढणाऱ्या पोरांना स्टुलावर उभं करून त्यांनी बोलतं केलं होतं. पाठ ताठ, नजर शेवटच्या बाकावर, वाक्याचा शेवट गिळायचा नाही. त्याच पोरांची आता चर्चची कमिटी झाली होती, आणि चिटणीस तर बाईंच्या पोटचाच होता. परवानगी मागायची ती केवळ रीत म्हणून.

सुई गेली त्या संध्याकाळी चिटणीस मीटिंग उरकून घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच घुटमळला.

"आई, व्यासपीठावरून बाईमाणसाने बोलायचं नाही, हा नियम आहे. सुईमावशीसाठीसुद्धा तो..."

"शेवट गिळू नकोस. बरं, मग खालून बोलते. शवपेटीजवळ उभी राहून."

"प्रश्न जागेचा नाही गं. बाईने पुरुषांना उपदेश करणं..."

"उपदेश कुठे करतेय मी? मैत्रीण मेलीय माझी!" बाईंचा आवाज फाटला. "तुम्हा सगळ्यांना बोलायला शिकवलं कोणी रे?"

"तूच. पण तेव्हा आम्ही लहान होतो. मुलांना बाईने शिकवलेलं चालतं. पुरुषांना नाही."

"अस्सं? आणि तू पुरुष कधी झालास? निदान आईला तरी कळवायचंस."

ताटं पुसणारी सून खुदकन हसली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने ते हसू तिथल्या तिथे आवरलं.

"फुलांचं सगळं मात्र तुझ्यावर सोपवलंय हं," चिटणीस समजुतीच्या सुरात म्हणाला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी फुलं त्यांनीच लावली, कारण नाहीतर कमिटीने सुईच्या उशाशी प्लॅस्टिकची आणून ठेवली असती. पाळकसाहेब नवे होते. सुईशी त्यांची खरी गाठ एकदाच पडली होती, इंजेक्शन घेताना, आणि तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. अंत्यविधीला व्यासपीठावरून ते गोड आवाजात म्हणाले, "आपली ही भगिनी शांत होती, सोशिक होती. तिने कधी कोणापुढे आवाज चढवला नाही."

बाई उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, ती शांत नव्हती," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या माना वळल्या. "तिचा आवाज ह्या छताला माहीत आहे. एका पोरीच्या बाळाला बाप नाही म्हणून तुमच्या आधीच्या पाळकांनी त्याला बाप्तिस्मा नाकारला. तेव्हा ही सुई त्या बाळाला घेऊन..."

पहिल्या बाकावर बसलेल्या चिटणिसाने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याने फक्त दोन बोटं वर केली, कीबोर्डच्या दिशेने. कीबोर्डवर सून होती. तिने सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि पट्ट्या दाबल्या.

सगळ्यांच्या ओठांवरचं गीत होतं. लोक सुटका झाल्यासारखे उठले आणि गाऊ लागले. बाईंना अजून बोलायचं होतं. सुई दारात आडवी उभी राहिली, बाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लागेपर्यंत तिने एकालाही बाहेर पडू दिलं नाही, हे सांगायचं होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तोंडातून गीत बाहेर पडलं. इतक्या वर्षांची सवय. तो सूर आला की ते तोंड गातच असे, त्यांना विचारत नसे. लक्षात आलं तेव्हा दुसरं कडवं सुरू झालं होतं आणि त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंड काही थांबेना.

शेजारच्या म्हातारीने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"देवाने काय गळा दिलाय हो बाई तुम्हाला," ती कौतुकाने म्हणाली.