लाइटीचा शेक

"अवं सिस्टरबाई, लेकराचे डोये कायले बांधले?"

मालूबाईंनी काचेच्या पेटीत हात घातलेला पाहून कुसुम धावलीच. पेटीत त्यांचा नुकता जन्मलेला नातू निळ्या उजेडात उघडा पडला होता. अंगावर फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी.

"पीलिया आहे ना मावशी त्याला. उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून पट्टी."

"पीलियाले कोवयं ऊन दाखवतेत. आमच्या दापोऱ्यात समदे तेच करतेत. आमच्या चेतनले बी मी अंगनात घेऊन बसत व्हती. झाला का नाई बरा? अन् हे निळं-निळं काय खूळ व्हय?"

डॉक्टर निरंजन भला माणूस, पण समजावायला लागले की ऐकणाऱ्याला झोप तरी यायची नाहीतर रडू. उन्हातला कोणता रंग कावीळ उतरवतो, कोवळ्या उन्हावर भरवसा का ठेवायचा नाही, पिवळेपणा मेंदूपर्यंत गेला तर काय होतं, सगळं त्यांनी सांगितलं. मेंदूचं नाव ऐकताच पलंगावरची सून, वैशाली, हुंदके द्यायला लागली. मालूबाई तर म्हणाल्या, "चला, घरी चला."

मग कुसुमनं आपला ठेवणीतला शब्द काढला.

"मावशी, हा शेकच समजा. तुमी शेगडीनं शेक देता, आमी लाइटीनं देतो."

मालूबाई थांबल्या. "शेक व्हय? मंग तसं सांगा ना!"

पेटीतला हात निघाला, वैशालीनं डोळे पुसले. कुसुम त्याच भागातल्या जसोंडी गावची. कोणाशी कसं बोलायचं हे तिला शिकवावं लागत नव्हतं, आणि या शब्दाचा तर तिला अभिमानच होता. आजवर कितीतरी आज्या तिनं या एका शब्दावर वळवल्या होत्या. "कुसुमताई, माझी अर्धी प्रॅक्टिस तुमच्या जिभेवर चालते," असं डॉक्टरही म्हणायचे, आणि ती मनातून फुलायची.

पाचवीच्या दिवशी बाळाचा बाप चेतन हटून बसला. "डॉक्टर साब, पूजा तो घरीच करावी लागते ना. सवेरे वापस लाता मैं." कावीळ अजून उतरलेली नव्हती. डॉक्टरांनी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. शेवटी म्हणाले, "सकाळी आणाच. लाइट द्यावीच लागेल."

दारातून मालूबाईंनी वळून विचारलं, "सिस्टरबाई, घरी शेक चालू ठेवू ना?"

कुसुम दुसऱ्या एका बाळाला सुई लावत होती. घरी शेक म्हणजे बाळंतिणीचा, बाजेखालच्या शेगडीचा. दुसरा कोणता असणार? मान वर न करता ती म्हणाली, "ठेवा ना, ठेवा."

सकाळी ते आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. चेतनचा फोन लागेना. गेले असतील जळगावला मोठ्या दवाखान्यात, असं कुसुमनं धरलं. बरेच जण जातात.

तिसऱ्या दिवशी आले तेव्हा बाळ तळपायापर्यंत पिवळं होतं. दूध ओढत नव्हतं, मान मागे ताठ.

"शेकात काईच कसर नाई ठेवली," मालूबाई सांगत होत्या. "टोपलीवर मोठा बल्ब टांगला, खाली शेगडी. डोये बी बांधले, तुमच्यावानी."

पट्टी अजून तशीच होती. जुन्या लुगड्याची मऊ, दुहेरी घडी. गाठसुद्धा कुसुम बांधायची तशी, कानामागे, टोचू नये अशी. ती कुसुमनं सोडली. आपणच हे केलं, हे तिला त्या क्षणी कळलं.

इंदूरला नेऊन बाळाचं रक्त बदललं. ते जगलं.

केळीची कापणी संपल्यावर मालूबाई त्याला दाखवायला घेऊन आल्या. बाळ गुटगुटीत, हसरं. कुसुमनं त्याच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली, मग किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. ते समोर डॉक्टरांकडे बघून हसत राहिलं. इंदूरच्या तपासणीतही तेच निघालं होतं. काविळीनं त्याचे कान गेले होते.

डॉक्टर चेतन-वैशालीला आत घेऊन गेले. बाकावर दोघीच उरल्या.

"सिस्टरबाई," मालूबाईंनी हळूच विचारलं, "आमचा शेक कमी पडला का वं?"

हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणंही सोपं होतं. कुसुमला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"मावशी, तो शेक नव्हताच. त्या उजेडानं कावीळ उतरते, गरमीनं नाही. लाइटीला शेक मी म्हटलं, तुमी पटकन ऐकावं म्हणून. अन् दारात तुमी विचारलं, तवा मी नीट ऐकलंच नाही. चूक तुमची नाही. माझी आहे."

मालूबाईंनी बाळाची लाळ पदरानं पुसली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे ऊब देल्यानं काईच..." एवढंच त्या बोलल्या.

बाहेर शनवारा चौकातल्या रस्त्यावर कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवला. कुसुम दचकली. बाळ मालूबाईंच्या मांडीवर मुठी चोखत होतं.

आत वैशालीच्या रडण्याचा आवाज यायला लागला तशा मालूबाई उठल्या. बाळाला खांद्यावर घेतलं. त्याचं टोपडं मागे सरकलं होतं. ते त्यांनी पुढं ओढलं, दोन्ही कान नीट झाकले आणि हनुवटीखाली बंद बांधला.

"वारं लागन कानाले," त्या म्हणाल्या.