परिसाने खोडलेली ओळ

टप्.

न्हाणीघरातल्या नळाचा थेंब रिकाम्या बादलीत पडला आणि दुपारची शांतता मोडली. भिंगरीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. पाच वर्षांची झाली तरी अंगठा सुटत नाही. मी नळ घट्ट पिळून आले. ती उठेपर्यंतचा वेळ माझा. तेवढ्यात आमच्या ऑफिसातला चमत्कार लिहून काढते.

परवा सकाळी अकराच्या सुमारास आमच्या मशीनच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेस्टिंगवाल्या मुली स्टुलांवर चढल्या होत्या. स्वागतकक्षातली बाई फोन तसाच वाजत ठेवून आली होती. मोठे साहेब पहिल्या रांगेत. हात तेवढे जोडायचे बाकी होते. आणि मधोमध खुर्चीत परीस.

हे नाव त्याला ऑफिसनेच ठेवलेलं. साहेबांनी बाहेरून आणलेला सल्लागार. ज्या कामाला चाळीस मिनिटं लागतात ते त्याचा हात लागला की आठ सेकंदांत होतं, अशी ख्याती.

काम असं. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो, तिच्यात दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तुकडे वापरता येतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. पण हा तुकडा आमच्याकडे यायचा कच्चा, गव्हाच्या पोत्यासारखा. तो आपल्या मशीनवर दळून घ्यायचा, आणि मॉड्यूल मोठं असेल तर दळण चाळीस मिनिटं चालायचं. ही गिरणी सांभाळायचे तात्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला सरळ माणूस. परवा ते भिंतीला पाठ लावून उभे होते, कारण त्यांना घरी बसवण्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर तयार होतं. परिसाने आज पुन्हा करून दाखवलं की दुपारी सही.

पाळणाघर बंद असल्यामुळे भिंगरी माझ्याबरोबर होती.

“तात्यांचा दोष नाही हो,” परीस मधाळ आवाजात म्हणाला. “हात जड आहे, एवढंच. काही हात यंत्राला सोसत नाहीत.”

तात्यांनी आपले हात पाठीमागे नेले.

“या मशीनला ताण आहे. तुमच्या घाईचा, तुमच्या शंकांचा. कुणाच्या मनात शंका असेल तर ती दाराबाहेर काढून या.”

“चपलांसारखी?” मी विचारलं.

मागून कुणीतरी मला गप्प केलं. परीस माझ्याकडे बघून हसला, मोठ्या मनाने माफ केल्यासारखा.

“आता सगळ्यांनी डोळे मिटा. लांब श्वास. नजरेचा भार पडतो यंत्रावर.”

पंचवीस माणसं, त्यातली निम्मी इंजिनियर. सगळ्यांनी डोळे मिटले. पंख्याची घरघर, कीबोर्डची बारीक टकटक. मग आवाज आला, “उघडा.” परिसाचा उजवा हात मशीनच्या डोक्यावर, डाव्याने एक बटण दाबलेलं. सगळी खोली ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. आठला मॉड्यूल बसलं. स्वागतकक्षातली बाई चक्क रडली.

“पुन्हा मिटा मिनिटभर. यंत्राचे आभार मानू या.”

मानले. मग साहेब वळले. “तात्या, जेवणानंतर केबिनमध्ये या.”

तेवढ्यात माझी बाही ओढली गेली.

“आई, त्या काकांनी खोडलं.”

“काय खोडलं गं?”

“एक ओळ. वरून तिसरी. आणि तुम्ही परत डोळे मिटल्यावर तीच परत लिहिली. मी शाळेत करते ना, बाई बघायच्या आत, तसं.”

“लहान मुलांना काय काय दिसतं,” परीस हसत म्हणाला. “निरागस वय.”

“म्हणूनच तिला तुमचा हात दिसला,” मी म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

कुठली फाइल शेवटची कधी बदलली, त्याची वेळ मशीन ठेवतं. सेटिंगची फाइल अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी बदललेली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा एकोणतीस. फाइल उघडली. वरून तिसरी ओळ मशीनला सांगत होती की तयार माल घेऊ नकोस, इथेच बांध, म्हणजे दळ.

तात्या चष्मा सावरत जवळ आले. “ही ओळ माझी आहे. सात वर्षांपूर्वी मीच घातली. आपल्या जातीच्या मशीनसाठी तयार माल तेव्हा मिळत कुठे होता?”

“आता मिळतो, तात्या.”

मिळतो, आणि फुकट मिळतो. कुठल्याशा दूरच्या खोलीत एक यंत्रणा बसवलेली आहे. मॉड्यूलची नवी आवृत्ती आली की ती आपोआप उचलते, प्रत्येक जातीच्या मशीनसाठी वेगळी बांधते, तपासते आणि नाव-नंबर लावून फळीवर ठेवते. कुणीही नेटवरून उचलावं. पीठ तयार पडलेलं होतं. आम्ही मात्र जुन्या ओळीच्या हुकमाने गहू दळत बसलो होतो. ही ओळ खोडणं, एवढीच परिसाची सिद्धी. ती परत का लिहायची? पुढच्या वेळी पुन्हा बोलावणं यावं म्हणून. त्याच्या दैवी शक्तीला बॅकस्पेसचं बटण लागत होतं.

मशीनवर बसलेलं मॉड्यूल आणि मशीनने जपून ठेवलेली त्याची प्रत, दोन्ही मी पुसली. ओळ तशीच ठेवून काम सुरू केलं. दळण लागलं. तीन मिनिटं सगळ्यांना बघू दिलं, मग थांबवलं. ओळ खोडली आणि भिंगरीला मांडीवर घेतलं.

“हे मोठं बटण दाब.”

चोखून ओला झालेला अंगठा तिने बटणावर टेकवला. सात सेकंद. परिसापेक्षा एक कमी.

पुन्हा सगळं पुसलं आणि नेटची वायर उपटली. “आता तुम्ही ठेवा हात, सर.”

“अशा वातावरणात शक्ती येत नाही.”

“वातावरण आहे. वायर नाही.”

पहिल्यांदा तात्याच हसले. साहेबांनी पत्र आणून सगळ्यांसमोर फाडलं, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. तात्या खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत चाळीस मशीनवरची आपली ओळ त्यांनी आपल्याच जड हातांनी खोडली. तरीही जाता जाता टेस्टिंगमधल्या एकीने परिसाचा नंबर घेतला. “असू द्यावा जवळ,” म्हणाली.

माझं सांगणं थोडकं आहे. चमत्कार दिसला तर विचारा: कुठली ओळ, कुठली वेळ, वायर काढली तर काय होतं? ज्यांनी ती दूरची यंत्रणा उभी केली, त्यांनी ती कशी चालते ते पानपानभर उघड लिहून ठेवलंय. डोळे मिटा असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जो सांगतो, त्याच्यासमोर तर ते उघडेच ठेवा.

भिंगरी उठली आहे. गालावर उशीची वळी उमटलीय. येऊन मांडीत शिरली आणि कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिली.

“आई, ते काका खोटं बोलतात हे तुला आधीच माहीत होतं ना?”

“वाटत होतं.”

“मग तू का मिटलेस डोळे? दोन्ही वेळा?”