लिंबाखालचं कवाड

मी एक जुना फळा आहे. जन्माने मात्र कवाड! हसू नका मित्रांनो. गंगाखेडकडच्या एका गावात, बौद्धवस्तीतल्या केशरबाईच्या घराला मी बसवलेला होतो. तिच्या लेकाने, सूर्यभानने, कॉलेजात नाव घातलं आणि वस्तीतल्या मॅट्रिकच्या पोरापोरींना इंग्रजी शिकवायचं मनावर घेतलं. फळा आणायचा कुठून? त्याने रेडिओचे संपलेले सेल फोडले, आतली काळी पूड पाल्याच्या रसात कालवली आणि माझी आतली बाजू काळी कुळकुळीत केली. दिवस कलला की तो मला बिजागरीतून उचलून कडुलिंबाला टेकवायचा. अंधार पडला की मी पुन्हा दारात. तेवढा वेळ केशरबाई उघड्या घराच्या उंबऱ्यावर राखण बसायची. खरं सांगू, मला त्या खडूची भारी ऐट होती.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात बातमी आली, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं. वस्ती हरखली, गाव मात्र गप्प झालं. गिरणीवाला दळण घेईना. ओळखीची माणसं मान फिरवून जाऊ लागली. मग शेजारच्या गावात घरं पेटल्याचं कानावर आलं.

"आज कवाड काढू नको बाबा," केशरबाई म्हणाली. "मला लय भ्याव वाटायलंय. आतून कडी लावून तरी बसते."

"माय, सत्यशीला इंग्रजीत एकदा नापास झालीय. पेपर जवळ आलाय. लगेच आणतो की!"

"मग उघड्या घरात म्या एकटी न्हाई बसायची!" म्हातारी फणकारली आणि माझ्या मागोमाग लिंबाखाली येऊन बसली.

त्या दिवशी मिश्र वाक्य चाललं होतं. "पोटवाक्य एकटं उभं राहत न्हाई," सूर्यभान सांगत होता, "त्याला मुख्य वाक्याचा आधार लागतो." त्याने माझ्यावर लिहिलं, 'व्हेन दे केम'. "म्हणजे, ते आले तेव्हा. आता पुढचं तुमी जोडा." त्याच्या मनात पाहुणे असावेत. पोरं मात्र एकमेकांकडे बघू लागली. सत्यशीला खडू घेऊन उठली, तोच पांदीच्या वाटेवरून गलका उठला. मशाली दिसल्या.

"पळा! ज्वारीत शिरा!" सूर्यभानने मायला पाठीवर घेतलं. मी अर्धं वाक्य अंगावर घेऊन तिथेच राहिलो. माझी चौकट माझ्यासमोर जळाली, मित्रांनो. फार भ्यालो मी.

सकाळी माणसं चिखलाने भरून परतली. केशरबाई राखेपाशी उभी राहिली, मग तिने माझ्यावर हात ठेवला. "हे जागेवर असतं, तर म्या कडी लावून आतच बसले असते," ती म्हणाली.

आता मी वस्तीच्या वाचनालयात कोपऱ्यात पडून असतो. रंग उडालाय, बिजागऱ्या गंजल्यात. मला रंग द्या, न द्या. पण मांडलेलं वाक्य अर्धं टाकून उठू नका. त्या सकाळी सत्यशीलानेही ते अर्धं टाकलं नाही. खडू तिच्या मुठीतच राहिला होता. माझ्यावरची काजळी तिने अक्षरं सांभाळून पुसली आणि पुढे लिहिलं, 'वी वेअर लर्निंग'.

ते आले तेव्हा आम्ही शिकत होतो.